मध, पोपट आणि 240 चे स्टिकर

टीव्हीच्या दुकानात चाळिशी उलटलेल्या ग्राहकाने गेमिंगचे नाव काढताच त्याला "मुलगा कितवीत आहे, सर?" असे विचारणे हा दखलपात्र गुन्हा ठरवावा, अशी माझी शासनाला नम्र विनंती आहे. परवाच्या रविवारी मेगाब्लॉकच्या गर्दीतून घामाघूम होऊन मी पूर्व उपनगरातल्या एका मॉलमधील दुकानात पोहोचलो आणि एसीखाली धड उभाही राहिलो नव्हतो, तोच हा प्रश्न माझ्या अंगावर आला. मुलगा नाही, मी स्वतः खेळतो, असे मी शक्य तितक्या सौम्य आवाजात सांगितले. त्यावर त्या तरुणाने माझ्या कानशिलावरच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले, मग शेजारच्या सहकाऱ्याकडे पाहिले, आणि "वा सर, चांगला टाइमपास आहे" असे म्हणून मला थेट सर्वांत स्वस्त टीव्हींच्या रांगेकडे नेले. सासुरवाडीतही माझा इतका शिस्तबद्ध अपमान कधी झालेला नाही.

मी एकच प्रश्न विचारला होता. या टीव्हीच्या पॅनेलचा मूळ रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र बदलण्याचा वेग, 60 हर्ट्‌झ आहे की 120, एवढेच मला हवे होते. उत्तर आले, "सर, 240 मोशन आहे." मी म्हटले, मोशन नको, पॅनेलचे सांगा. तो म्हणाला, "सर, तेच तर सांगतोय, 240." पॅनेल सेकंदाला 60 वेळा चित्र बदलू शकत असेल, तर त्यावर सोनेरी अक्षरांत 120, 240 किंवा मनाला येईल तो आकडा छापल्याने त्याची ताकद एका हर्ट्‌झनेही वाढत नाही, हे मी त्याला समजावून सांगू लागलो. तेव्हा त्याने आपल्या वरिष्ठाला बोलावले. वरिष्ठ आले, त्यांनी टाय सारखा केला, टीव्हीच्या कोपऱ्यावरचे तेच स्टिकर जवळ जाऊन वाचले आणि मोठ्या आवाजात मला सांगितले, "सर, टू फोर्टी." मग गोदामातून खोका मागवला गेला. खोक्यावरही तेच स्टिकर होते, फक्त आकाराने मोठे. त्या तिघांच्या चेहऱ्यावर पुरावा सादर झाल्याचे समाधान होते, आणि हट्ट करणारा ग्राहक मात्र मी ठरलो.

तोवर भिंतीवरच्या सगळ्या टीव्हींवर एकच चित्रफीत चालू होती, जी या देशातल्या प्रत्येक दुकानात वर्षानुवर्षे चालू आहे. चमच्यावरून मध ओघळतो, पोपट पंख पसरतो, कापलेल्या किवीवरून पाण्याचा थेंब घरंगळतो, काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत शाई फुटते, आणि मग पुन्हा मध. ही फीत टीव्हीचे सगळे गुण दाखवण्यासाठी आणि एकही अवगुण दिसू न देण्यासाठी बनवलेली असते, हे मला मान्य आहे. परंतु मी सत्तर-ऐंशी हजार रुपये मध बघण्यासाठी मोजणार नाही. मला रात्रीच्या प्रसंगात अंधारात उभा असलेला माणूस दिसायला हवा, त्याच्या काळ्या कोटाची घडी दिसायला हवी, आणि त्याच्या मागचा अंधार राखाडी धुक्यासारखा दिसता कामा नये. त्यासाठी मी घरून पेन ड्राइव्ह नेला होता आणि त्यात एक गडद प्रसंग भरून ठेवला होता. "पेन ड्राइव्ह अलाउड नाही सर, व्हायरस येतो." ठीक आहे, मग निदान रिमोट द्या, चित्राचा मोड तरी बदलून पाहतो. रिमोट काउंटरच्या ड्रॉवरमध्ये होता, ड्रॉवरला कुलूप होते, आणि किल्ली जेवायला गेलेल्या माणसाच्या खिशात होती.

दुकानात डोक्यावर ट्यूबलाइटची दिवाळी असते आणि टीव्ही सगळेच्या सगळे डोळे दिपवणाऱ्या मोडमध्ये लावलेले असतात. त्या उजेडात मागून दिवा लावलेल्या आयपीएस पॅनेलचा काळा आणि ओएलईडीचा काळा यांत फरक कळणे जवळपास अशक्य आहे. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे सर्वांत उजळ आणि सर्वांत काळा यांतले प्रमाण, साधारण एक हजारास एक, व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलचा तीन हजार आणि त्याच्याही पुढे, तर ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो आणि स्वतःच विझतो. हा सगळा फरक घरी रात्री दिवे मालवल्यावर दिसतो, म्हणजे पैसे देऊन झाल्यावर.

आता एचडीआरविषयी, म्हणजे लख्ख उजेड आणि गडद अंधार एकाच चित्रात दाखवण्याच्या सोयीविषयी. खालच्या रांगेतल्या प्रत्येक टीव्हीवर एचडीआरचे स्टिकर होते. एचडीआरचे चित्रपट बहुधा एक हजार निट (पडद्याचे तेज मोजण्याचे एकक) किंवा त्याहून अधिक प्रकाशाचा हिशेब धरून तयार केलेले असतात, आणि या टीव्हींचा दिवा अडीचशे-तीनशे निटांतच दम सोडतो, शिवाय तो सबंध पडद्याला एकदमच उजळतो. त्या स्टिकरचा खरा अर्थ इतकाच, की एचडीआरचा सिग्नल आला तर हा टीव्ही त्याला दारातून हाकलणार नाही. आत घेऊन त्याचे काय करणार, हे स्टिकर सांगत नाही. क्यूएलईडी नावाचाही असाच प्रकार आहे. एका अक्षराच्या फरकाने ते ओएलईडीचे सख्खे भावंड वाटावे अशी पुरेपूर काळजी घेतलेली असते, प्रत्यक्षात तो मागून दिवा लावलेला एलसीडीच असतो. वाईट असतो असे मुळीच नाही. क्वांटम डॉट या अतिसूक्ष्म कणांच्या थरामुळे रंग खरोखर चांगले येतात, आणि मागच्या मिनी एलईडी दिव्यांचे स्वतंत्रपणे उजळणारे-मंदावणारे पुरेसे झोन असतील तर मी तो आनंदाने घेईन. झोन किती आहेत, हे मात्र कोणी सांगत नाही. मी विचारले तर तो तरुण म्हणाला, "सर, वेस्ट झोन."

हे त्याने विनोद म्हणून म्हटले असते तर मी त्याच क्षणी कार्ड काढून दिले असते. दुर्दैवाने तो गंभीर होता.

खेळाचा कन्सोल जोडणाऱ्यांची यातना वेगळीच आहे. 4के चित्र सेकंदाला 120 वेळा पाठवायचे तर एचडीएमआय 2.0 या जोडणीचे सेकंदाला 18 गिगाबिट पुरत नाहीत, त्याला 2.1 लागते, जे 2017 साली आले आणि ज्याची कमाल मर्यादा 48 गिगाबिट आहे. परंतु 2.1 मधल्या बहुतेक सोयी ऐच्छिक आहेत, त्यामुळे खोक्यावर 2.1 लिहिले म्हणजे 120 मिळेलच असे नाही, व्हीआरआर, म्हणजे खेळाच्या वेगाप्रमाणे पडद्याचा वेग बदलण्याची सोय, मिळेलच असेही नाही. कित्येक टीव्हींना पूर्ण क्षमतेची दोनच पोर्ट असतात, आणि त्यांतल्याच एकावर साउंडबारला आवाज पाठवणारी ईएआरसी बसवून ठेवलेली असते. पोर्ट दाखवा म्हटले तर टीव्ही भिंतीला चिकटलेला. मी मोबाइलचा टॉर्च लावून, गाल भिंतीला टेकवून, मागच्या फटीत डोकावत असताना वरिष्ठ म्हणाले, "सर, सगळी पोर्ट सेमच असतात." त्या क्षणी भिंतीला गाल टेकवलेला होता म्हणूनच मी काही बोललो नाही.

आणि तो चित्र गुळगुळीत करण्याचा रोग! चित्रपट सेकंदाला 24 चौकटींचा असतो. 120 ला 24 ने नेमका भाग जातो, 60 ला जात नाही, म्हणून स्वस्त टीव्हीवर कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळते. त्यावर उपाय म्हणून टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच्या कल्पनेने रचून घुसडतो आणि कोट्यवधी खर्चून केलेला चित्रपट सासू-सुनेच्या मालिकेसारखा दिसू लागतो. या प्रकाराविरुद्ध टॉम क्रूझने 2018 मध्ये विमानांच्या एका चित्रपटाच्या चित्रीकरणाच्या ठिकाणावरून लोकांना कळकळीची विनंती केली. 2019 मध्ये ही सोय बंद ठेवून दिग्दर्शकाला हवे तसे चित्र दाखवणारा फिल्ममेकर मोड जाहीर झाला, त्याच्यामागे दिग्दर्शक स्कॉर्सेसी आणि नोलन उभे राहिले. एवढी मोठी माणसे हात जोडून सांगत असताना आमच्या घरी आई म्हणते, "अरे, त्या दुकानातल्यासारखं स्वच्छ का नाही दिसत आपल्याकडे?" आई मुळात मालिकाच बघते, त्यामुळे तिच्याशी या मुद्द्यावर वाद घालायला मला जागाच उरत नाही.

बायकोने वेगळीच भूमिका घेतली आहे. तिला माझी एक्सेलची तक्ता-वही सापडली, ज्यात मॉडेलनिहाय इनपुट लॅगचे, म्हणजे बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतच्या विलंबाचे, मिलिसेकंद, झोन, निट आणि पोर्ट यांचे रकाने आहेत आणि शेवटी "शेरा" नावाचा रकानाही आहे. ती शांतपणे म्हणाली, "तू टीव्ही घेतोयस की स्थळं बघतोयस?" यावर मी सेकंदाला 60 चौकटी असतील तर एक चौकट 16.7 मिलिसेकंदांची असते, 120 असतील तर 8.3 ची, आणि इतक्याच अवधीत माणूस खेळात मरतो किंवा जगतो, असे स्पष्टीकरण दिले. चौदा वर्षांचा भाचा तिथेच बसला होता. तो मला दर वेळी हरवतो, त्याच जुन्या टीव्हीवर, त्याच कंट्रोलरने, शिवाय एका हाताने वेफर खात. त्यामुळे लॅगचा माझा युक्तिवाद घरात फारसा टिकत नाही. एकूण, आमच्या हॉलमध्ये सोफा आणि भिंत यांत जेमतेम सात फूट अंतर, खिडकीतून समोरच्या इमारतीच्या जिन्याचा उजेड आत आलेला, आणि मी मात्र संदर्भ दर्जाच्या अंधाराची मागणी करत हिंडतो आहे, हे माझ्याही लक्षात येते. लक्षात येऊन राग कमी होत नाही, एवढेच.

कारण पुढचा प्रकार ऐका. मी व्यवसायाने करसल्लागार आहे, आणि वरिष्ठांनी मला अत्यंत गोपनीय आवाजात सांगितले की खास माझ्यासाठी ते दहा टक्के टॅक्स माफ करत आहेत. बत्तीस इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 वर आला, तो सरकारने आणला, साऱ्या देशासाठी आणला, आणि मी त्यानंतर कित्येक अशिलांची बिले त्यानुसार सुधारून दिली. हे मी सांगितल्यावर ते म्हणाले, "हो सर, तेच, पण आपण पास ऑन करतोय ना!" त्यापाठोपाठ वाढीव वॉरंटी आली, साउंडबार आला, भिंतीवरचा ब्रॅकेट वेगळ्या पैशांत आला, आणि "पोराला हेडफोन फ्री देऊ" हे आश्वासन आले. पोराला! इतका वेळ मी कुणाशी बोलत होतो?

ऑनलाइन घ्या, असे सांगणाऱ्यांचाही मला तितकाच संताप आहे. एकाच मालिकेत 55 इंची टीव्हीला 120 हर्ट्‌झचे पॅनेल असते आणि 43 इंचीला 60 चे, नाव तेच, छायाचित्र तेच, आणि फरक तपशिलाच्या तळाशी. खाली लोकांची मते वाचावीत, तर पाच तारे देऊन लिहिलेले असते, "डिलिव्हरी वेळेत झाली, टीव्ही अजून लावला नाही."

परंतु माझा सर्वांत जुना आणि सर्वांत खोल राग दुकानदारावर नाही, तो आमच्या चौथ्या मजल्यावरच्या काकांवर आहे. त्यांच्याकडे 65 इंची ओएलईडी आहे. तो मुलाने पाठवलेल्या पैशांतून आला, लिफ्टमध्ये मावेना म्हणून चार जणांनी जिन्याने उभा धरून वर नेला, त्या चौघांत मी होतो. त्यावर काका सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत बातम्यांची वाहिनी लावतात, तीही सर्वांत भडक मोडमध्ये, आणि खालची लाल पट्टी सोळा सोळा तास एकाच जागी जळत असते. ओएलईडीवर स्थिर चित्राचा कायमचा डाग पडू शकतो, असे मी त्यांना सुचवून पाहिले. "ब्रेकिंग न्यूज सारखी बदलते रे," असे ते म्हणाले. बातमी बदलते काका, पट्टी बदलत नाही.

गेल्या गणपतीत त्यांच्याकडे दर्शनाला गेलो असताना सारे जण आरतीला उभे होते आणि रिमोट टीपॉयवर एकटाच पडला होता. मी त्यांचा टीव्ही फिल्ममेकर मोडवर आणला, चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद केली, रंगाचे तापमान वॉर्मवर नेले. वृत्तनिवेदकाच्या चेहऱ्याला प्रथमच माणसाच्या कातडीचा रंग आला. मी प्रसाद घेऊन, मन भरून घरी आलो. दुसऱ्याच दिवशी काकांनी कंपनीकडे तक्रार नोंदवली, की टीव्ही पिवळा पडला आहे आणि त्याचा उजेडही गेला आहे. तंत्रज्ञ आला, त्याने दोन मिनिटांत सारे पूर्ववत केले, आणि या कंपनीची सेवा फार चांगली आहे, तू पण हाच घे, असे काका आता लिफ्टमध्ये भेटतील तेव्हा मला सांगत असतात.