मंडळी गप्प का बसते?

सोलापुरातल्या चर्चमध्ये तरुण टिकवायचे तर बँड आणि पडदा आणा, हा तुमच्या लेखातला सल्ला अजिबात पटला नाही. मंडळी (उपासनेला जमलेले लोक) गीतांच्या वेळी गप्प बसते त्याला बहुतेकदा पट्टी, म्हणजे गाण्याचा आधार-स्वर, कारण असते. गायक स्वतःच्या गळ्याला सोयीची उंच पट्टी धरतो; चाल तार सप्तकात (वरच्या स्वरांत) फार चढली की बाकं शांत. पांढरी एक (पेटीवरची ‘सी’ची पट्टी) धरा, तार रिषभाच्या (वरच्या ‘रे’च्या) वर जाऊ नका, शेवटच्या कडव्याला वाद्यं थांबवा. नवं गीत एकेक ओळ म्हणवून घ्या आणि सलग ३-४ रविवार तेच ठेवा.

प्रभुभोजनाबद्दल, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीबद्दल, मात्र लेखात एक ओळही नाही, हे जास्त खटकलं. उपदेश ४० मिनिटं आणि मेज (हाच विधी) घाईत उरकलेलं, मग उपकारस्तुती आणि पवित्र आत्म्यासाठीची विनंती गळते, उरते फक्त येशूच्या मरणाची आठवण. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रात (१ करिंथ १०:१७) पौल एका भाकरीवरून एक शरीर सांगतो. आधीच कापून ठेवलेल्या तुकड्यांत ते दिसणार कसं? उपदेश २० मिनिटांवर आणा, भाकर सगळ्यांसमोर मोडा. आणि मध्यस्थीची (इतरांसाठी करायची) प्रार्थना पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) एकट्यानेच का करावी? विडी वळणाऱ्या बाईला, यंत्रमागावरच्या माणसाला आपापली विनंती मांडू द्या, तेलुगूतसुद्धा.