हाइट पासच्या ‘७ टिप्स’ आणि माझा भाचा

परवा रात्री साडेदहाला भाच्याने एक मेसेज पुढे ढकलला. खाली एकच ओळ, ‘मामा, हे खरंय का? सोमवारी हाइटचं ट्रेनिंग आहे.’ पोरगा चाकणला शेडच्या पत्र्यांच्या कामावर लागून जेमतेम पंधरवडा झालाय. मेसेजचं नाव ‘हाइट पास (म्हणजे चाचणी घेऊन मिळणारी उंचीवर काम करायची परवानगी) पहिल्या फटक्यात, ७ टिप्स’, शेवटी ‘कामगार बांधवांपर्यंत पोहोचवा’. साइटवर सेफ्टी बघणाऱ्या माझ्याकडे हा गेल्या वर्षी दोनदा आला होता. मी डिलीट करून मोकळा झालो. आता घरातच शिरलाय म्हटल्यावर लिहितो.

‘उपाशी जा, म्हणजे चक्कर येत नाही.’ उपाशीपोटीच चक्कर येते. सकाळी पोटात काही नाही, वर ऊन, अंगावर आवळलेला हार्नेस (पडलो तर अडवणारा, खांद्या-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांचा साज), आणि मग चाचणीत अरुंद पट्टीवरून चालायला लावतात. मागे एक धडधाकट माणूस तिथेच मटकन खाली बसला. विचारलं तर म्हणाला, व्हॉट्सॲपवर वाचलं होतं.

‘बीपीची गोळी जास्तीची घ्या, फिट येत असेल तर फॉर्मवर नाही लिहा.’ यावर काय बोलायचं? फॉर्मवर नाही लिहिलं म्हणून फिट पत्र्यावर यायची थांबत नाही. डॉक्टरला खरं सांगितलंस तर फार तर खालचं काम मिळेल.

आता तिसरी टिप. माझं डोकं फिरलं ते हिच्यामुळे. ‘फुल बॉडी हार्नेसमध्ये लटकून माणूस दगावतो, त्यापेक्षा कमरेचा बेल्ट बरा. हार्नेस घालावाच लागला तर मांडीचे पट्टे ढिले ठेवा.’

यातलं अर्धं खरं आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकत राहिलं की पायांतलं रक्त पायांतच साचतं, हृदयाकडे कमी परततं आणि माणूस बेशुद्ध पडतो. अर्ध्या तासाच्या आत जीव जाऊ शकतो. पण म्हणून कमरेचा बेल्ट? अरे, पडताना बसणारा सगळा हिसका मग पोटावर आणि बरगड्यांवर येतो, माणूस मधोमध मोडल्यासारखा लटकतो, नाहीतर बेल्टमधून सरळ निसटतो. अमेरिकेच्या ओशाने, म्हणजे तिथल्या कामगार सुरक्षा खात्याने, १ जानेवारी १९९८ पासून बांधकामात पडणारा माणूस अडवण्यासाठी नुसता कमरेचा बेल्ट वापरायला बंदी घातली. त्याच नियमांत पुढे असंही आहे की पडलेल्या माणसाला लगेच सोडवायची सोय मालकाने करायची. लटकण्यावरचा उपाय हा आहे. तेव्हा सोमवारी मास्तरांना एवढं विचार, ‘मी पडून लटकलो तर मला खाली कोण घेणार, कशाने, किती मिनिटांत?’ ‘फायर ब्रिगेडला फोन करू’ एवढंच उत्तर आलं तर मला कळव.

आणि मांडीचे पट्टे. ते ढिले असले की पडताना अंग खाली घसरतं, छातीचा पट्टा गळ्याशी येतो आणि खालचे पट्टे जांघेत कुठे बसतात ते मी इथे लिहीत नाही. पट्टा आवळल्यावर मांडी आणि पट्टा यांच्यामध्ये सपाट पंजा गेला पाहिजे, मूठ जाता कामा नये. जाड जीन्स घालून गेलास तर हा अंदाज चुकतो, साधी पँट घाल.

‘१५ फुटांच्या खाली हुक लावायची गरज नाही.’ हुक म्हणजे हार्नेसच्या दोराच्या टोकाचा, पक्क्या जागी अडकवायचा. त्याच ओशाने बांधकामात ६ फुटांपासून संरक्षण सक्तीचं केलंय. नुसत्या २ मीटरवरून पडलास तरी खाली पोहोचायला पाऊण सेकंदही लागत नाही. उलट कमी उंचीवर हुक कुठे लावतोस याला जास्त किंमत. पायाशी हुक लावला तर २ मीटरचा दोर, धक्का शोषणारी पट्टी उघडली की १.७५ मीटरपर्यंत, हार्नेसच्या पाठीवरच्या, दोर जोडायच्या कडीपासून तळव्यापर्यंत दीड मीटर आणि वर १ मीटर मोकळी जागा, असे सव्वासहा मीटर लागतात. म्हणजे साडेवीस फूट. १५ फुटांच्या शेडवर हुक लावलेला असूनही माणूस जमिनीवर आपटतो, आणि मग सगळे म्हणतात, बघा, हुक लावून काय उपयोग झाला!

‘आदल्या रात्री दारू नको’, बरोबर. ‘जुना बेल्ट फाटला नसेल तर चालतो’, नाही. एकदा हिसका बसलेला हार्नेस बाद, मग तो नवा दिसेना का.

‘ट्रेनिंग म्हणजे नुसता कागद.’ कबूल. सही घेतली, फोटो काढला, कार्ड दिलं, असलं ट्रेनिंग मीही पाहिलंय. म्हणूनच तर तू मागे बसू नकोस. हार्नेस स्वतः घालून, स्वतः आवळून दाखव, जमलं तर दोन मिनिटं लटकून बघ. आणि वजन विचारलं तर कमरेला लटकवलेल्या अवजारांसकट सांग. हार्नेसच्या लेबलवर किती किलोपर्यंत चालतो ते छापलेलं असतं, आणि मामाकडच्या लग्नात जेवून तू किती वाढलायस ते मला माहीत आहे.