रेवडीवर बोलण्यापूर्वीची पथ्यं

फुकट योजनांवर तुमचं मत असणारच. ते जरूर मांडा, फक्त थोडी पथ्यं पाळा.

हा विषय शक्यतो पाइपने गॅस येणाऱ्या घरातच काढावा. शेगडीवर चहा उकळत असला की वाक्यांनाही उकळी येते. गावी गेलात तर चुलीवरच्या भाकरीची चव वाखाणा, फोटो काढा. भाकरी थापणाऱ्या वहिनी सारख्या पदराने डोळे का पुसतात, ते विचारू नका. कोपऱ्यात उज्ज्वलाची टाकी दिसेल, वर भरतकामाचा रुमाल. "आहे की गॅस!" म्हणायचं आणि पुढे सरकायचं. टाकी हलवून बघायची नाही. दाराशी पळाट्या नि गोवऱ्या रचलेल्या दिसल्या तर त्यांना 'पारंपरिक इंधन' म्हणावं, ऐकायला बरं वाटतं.

सरकारच्या अभ्यासाचं मात्र कौतुक करा. २०१६ साली उत्तर प्रदेशातल्या बलियातून उज्ज्वला योजना निघाली, १० कोटींवर जोडण्या झाल्या. पुढे आकडे आले की २०१९-२० मध्ये ही घरं वर्षाकाठी सरासरी ३च टाक्या भरून घेत होती. मग २०२४ मध्ये, विधानसभा तोंडावर असताना, आपल्या राज्याने अन्नपूर्णा योजनेत फुकट टाक्या जाहीर केल्या. किती? बरोबर, ३! तेही आधी आठशेच्या वर रुपये मोजायचे आणि मग खात्यात पैसे यायची वाट बघायची. रोजाने खुरपायला जाणाऱ्या बाईला बचतीची सवय लागावी, दुसरं काय.

वाद रंगात आला की एक महिना मात्र चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका : सप्टेंबर २०१२. सवलतीच्या टाक्या वर्षाला ६ वर आणल्या, तेव्हा आपण सगळे (हो, मीसुद्धा) असे कळवळलो की ६ च्या ९ झाल्या आणि जानेवारी २०१४ मध्ये, लोकसभेच्या तोंडावर, ९ च्या १२. तेव्हा रेवडी कुणाला आठवली नाही. तो 'मध्यमवर्गाला दिलासा' होता.

आणि कुणी खोदून विचारलंच, तर छाती काढून सांगा, "आम्ही सबसिडी कधीच सोडली!" २०२० पासून ती आपल्यासारख्या बहुतेकांच्या खात्यात येतच नाही, हे समोरच्याला कुठे लक्षात असतं.