पाच किलो आउटसाइड फूड

रविवारी पाच किलो गव्हाचा डबा खांद्यावर घेऊन गिरणीत गेलो, तर गिरणीच्या जागी कॅफे. तीन आठवडे आम्ही मुलीकडे बेंगळुरूला काय गेलो, पट्टा फडफडायचा तिथे कुंडीतलं झाड उभं.

गिरणीवाले मामा कुठे गेले एवढंच विचारायला आत शिरलो. काउंटरवरच्या अंबाडा घातलेल्या मुलाने माझ्याकडे नाही, डब्याकडे पाहिलं.

"सर, आउटसाइड फूड अलाउड नाहीये."

"फूड नाही, गहू आहेत."

"रॉ आहेत का?"

"नाही, फोडणी देऊन आणलेत! अहो, दळायचेत."

"सर, ग्राइंडिंग आम्ही फक्त बीन्सचं करतो. कोर्स किंवा फाइन."

मामाही विचारायचे, जाड की बारीक. पण ते नवख्या गिऱ्हाइकाला. आमचा तर डबाच त्यांना ओळखू यायचा.

तेवढ्यात लॅपटॉपवाली एक मुलगी उठून आली. "अंकल, खपली आहे का?"

"लोकवन."

ती जरा हिरमुसली. मग तिला डबा आवडला. तिने तीन बाजूंनी त्याचे फोटो काढले, मला थोडं बाजूला व्हायला सांगून. डब्यावर आमच्या आडनावाखाली लाल ऑइलपेंटने लिहिलंय, 'ज्वारीवर नको'.

"हे काय, कोट आहे?"

मी समजावलं, की आधी कुणाची ज्वारी दळली असेल तर तिचं पीठ गव्हात उतरतं आणि पोळ्या तुटतात. अंबाडा एकदम खुलला. "क्रॉस-कंटॅमिनेशन! सर, आम्हीपण डीकॅफ वेगळंच दळतो."

दोघं माझ्याकडे आदराने बघायला लागली. त्या आदराच्या भरात मी कॉफी मागवली. २४० रुपये. मामा किलोला आठ घ्यायचे, म्हणजे तीस किलो दळण, म्हणजे आमच्या घरच्या सहा आठवड्यांच्या पोळ्या मी उभ्याउभ्या प्यायलो. वर ती आंबट होती. तशीच असते म्हणे.

कॅफेचं नाव सांगत नाही, पण इंग्रजीत त्याचा अर्थ दळण असाच होतो. २०२२ च्या कायदादुरुस्तीपासून छोट्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, त्यामुळे ते देवनागरीत ठळक लिहिलंय. मामांच्या गिरणीला पाटीच नव्हती. धूळ दिसली की लोक आत यायचे.

मामांचा पत्ता कुणालाच माहीत नाही. भाडं वाढवलं म्हणे. मार्च २०२२ मध्ये वनाझची मेट्रो सुरू झाली तेव्हा पेढे वाटले होते आम्ही, जागेचे भाव वाढणार म्हणून. वाढले. आधी इस्त्रीवाला गेला, मग चपला शिवणारा, मग रद्दीवाला. आता चार पावलांवर पाच तऱ्हेची कॉफी मिळते, पायजम्याची नाडी आणायला मात्र लक्ष्मी रोड गाठावा लागतो. आणि तक्रार करावी तर सोसायटीतली पोरं म्हणतात, काका, एरिया अपग्रेड होतोय. होऊ दे की. माझं पीठ कुठे अपग्रेड करू?

निघताना अंबाड्याने विचारलं, "सर, डबा विकणार का? शेल्फवर मस्त दिसेल."

मी उत्तर दिलं नाही. डबा उचलून थेट पौड फाट्यापर्यंत चालत गेलो. तिथे एक गिरणी सापडली, बाहेर नऊ डब्यांची रांग. माझा नंबर आला तेव्हा दीड वाजला होता.

"आत्ताच ज्वारी काढलीय," तो म्हणाला. "चालेल का?"

चालेल म्हणालो.

आज बुधवार. पोळ्या तुटतायत, आणि घरात कुणी माझ्याशी धड बोलत नाहीये.