फुकटचा भराव

आज सकाळी भाजी घेऊन येताना सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका बंद प्रोसेस हाऊसच्या, म्हणजे सूत-कापड रंगवायच्या कारखान्याच्या, दारात टिप्परची रांग दिसली. नाव लिहीत नाही, आपल्याकडच्यांना कळेल. पत्रे, मशिनी कधीच भंगारात गेल्या, आता भिंती पाडून जेसीबी जमीन उकरतोय. निवासी संकुलाचा फ्लेक्सही लागलाय. मी थांबले ती बकेटमधून पडणारी माती बघून. वर काळी, खाली मुरूम आणि मधे हातभर जाडीचा पट्टा, मोरचुदासारखा हिरवा-निळा, ओला, चिकट. वास तर लहानपणापासून ओळखीचा. टिप्परवाल्याला विचारलं, कुठं चाललंय हे? म्हणाला, "भरावाला ओ ताई. प्लॉटवर टाकायला. फुकट आहे, पाहिजे का तुम्हाला?"

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

जेसीबी उकरतोय तो शेडमागचा खड्डा मला माहीत आहे. मिल बंद झाल्यावर माझे वडील, अप्पा, त्याच कारखान्याच्या रंगखात्यात लागले. सुट्टीच्या दिवशी मी डबा घेऊन जायचे. एकदा खेळत शेडच्या मागं गेले, तर अप्पा धावत आले आणि दंडाला धरून मला मागं ओढलं. आयुष्यात त्यांनी मला कधी इतक्या जोरात धरलं नव्हतं. "तिकडं पाय ठेवायचा नाही," एवढंच म्हणाले. हौदातला गाळ, फुटलेल्या ड्रममधलं कॉस्टिक, नॅफ्थॉल या रंगाच्या रसायनाचं उरलंसुरलं, सगळं तिथं ओतायचे. कुणी साहेब तपासायला येणार असला की वरून मुरूम टाकून सपाट करायचे. तिथं लावलेलं कडुलिंबाचं रोपसुद्धा जगलं नाही. कडुलिंब! सोलापूरच्या उन्हात जो दगडातही वाढतो.

1994 ला जर्मनीनं काही ॲझो रंगांवर, म्हणजे कापडाच्या एका जातीच्या रासायनिक रंगांवर, बंदी घातली, कारण त्यातून कॅन्सर करणारी द्रव्यं सुटतात. बाहेर टॉवेल पाठवणाऱ्यांची धावपळ झाली. 1997 ला आपल्याकडेही बंदी आली. रंगाचे डबे बदलले, खड्ड्यात आधी ओतलेलं तिथंच राहिलं. आणि आज ते टिप्परमध्ये बसून कुणाच्या तरी दारात निघालंय. कुणाच्या? ज्यानं पै-पै जमवून गुंठा-दीड गुंठा घेतलाय आणि ज्याला विकतचा मुरूम परवडत नाही, त्याच्या. तो तिथं बोअर पाडणार, कारण नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. आपल्याकडं खाली काळा पाषाण, त्याच्या भेगांतून पाणी कुठून कुठं जातं कुणी सांगावं. त्या बोअरचं पाणी त्याची पोरं वापरणार.

राग कुणाकुणाचा करायचा? मालकाचा, बिल्डरचा, परवानगीच्या कागदावर सही करणाऱ्याचा? एकानंही विचारलं नाही की बाबा, या जागेवर आधी काय चालायचं?

घरं लागतात, मान्य. मालकही कर्जात बुडाले, हेही खरं. कित्येकांनी लूम, म्हणजे यंत्रमाग, भंगारात किलोवर विकले. पण म्हणून विष वाटायचं का?

आपलं गाव काही असंतसं नव्हतं. 1877 ला 'जुनी मिल' म्हणतात ती कापडगिरणी उभी राहिली. पुढं लक्ष्मी, विष्णू, जाम मिल, नरसिंग गिरजी. 1949 ला जुनी मिल बंद पडली तर 1950 ला संसदेनं तिच्यासाठी खास कायदा केला, सरकारनं ताबा घेतला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. वकिलीची पोरं तो खटला आजही शिकतात. सोलापुरातली एक गिरणी थांबली तर दिल्लीला जाग यायची. आज एकामागून एक शेड रिकाम्या होतात, बाभळी माजतात, मग एक दिवस फ्लेक्स लागतो. विकास म्हणजे प्लॉटिंग, एवढंच आपल्याला उरलंय. पोरं हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला. माझा भाचाही गेला. त्याच्याजोगं काम इथं उभं राहील अशा जागा शहराच्या मधोमध पडून आहेत, रस्ता, वीज, गटार सगळं आहे, फक्त आधी ती माती नीट करायला लागते. तेवढं मात्र कुणालाच करायचं नसतं.

करता येतं ओ. जर्मनीतल्या डुइसबुर्गला लोखंडाचा कारखाना 1985 ला बंद पडला, आज तिथं उद्यान आहे, भट्ट्या तशाच उभ्या ठेवून. सगळ्यात वाईट माती त्यांनी जुन्या बंकरांत बंद केली. ते श्रीमंत आहेत म्हणाल, तर बरं. पण कायदा तर आता आपल्याकडेही आहे. जुलै 2025 मध्ये केंद्रानं दूषित जागांचे नियम काढले. महापालिकेनं किंवा जिल्हा प्रशासनानं संशयित जागांची यादी द्यायची, प्रदूषण मंडळानं 90 दिवसांत पहिली तपासणी करायची, आणि खर्च ज्यानं घाण केली त्याचा. आपल्या गावाची यादी कोण करणार? साहेब लोकांना काय माहीत खड्डा कुठं होता? ते अप्पांना माहीत होतं. त्यांच्याबरोबरच्या अण्णांना, मामांना माहीत आहे. निळी नखं घेऊन ज्यांनी जन्म काढला त्यांना.

अप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत त्यांच्या नखांच्या कडेचा रंग गेला नव्हता. मालकाला त्यांनी कधी वाईट म्हटलं नाही, त्याच्या पगारावर आम्ही शिकलो. मी पण शिव्या द्यायला बसलेली नाही. पण ज्या मातीपासून त्यांनी मला ओढून बाजूला काढलं, ती दुसऱ्याच्या लेकराच्या पायाखाली फुकट म्हणून जाताना बघून गप्प बसणं मला जमणार नाही.

तर एवढं करा. घरात, शेजारी कुणी रंगखात्यात, सायझिंगला (सुताला खळ लावायच्या खात्यात), बॉयलरवर होते त्यांना आजच विचारा. गाळ कुठं टाकायचे, गटार कुठं निघायचं, तेलाची टाकी कुठं पुरली होती. चौक आणि खूण लिहून मला मेसेज करा, मालकाचं नाव नको. सोमवारी अर्ज घेऊन महापालिकेत आणि प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात जाणार आहे, सोबत कुणी आलं तर बरं. आणि ज्यांनी या आठवड्यात असा भराव उतरवून घेतलाय, त्यांनी माती तपासून होईपर्यंत तिथं बोअर पाडू नका, भाजी लावू नका, पोरांना खेळायला सोडू नका.