पाटी वाचून पुढे जावे

जर्मनीच्या हार्त्स डोंगरात डांकेरोडे नावाचं एक खेडं आहे. तिथून विप्पर नदीच्या धरणाकडे जंगलातून एक पायवाट जाते, सुमारे अठरा किलोमीटरची. वाटेवर पाटी आहे आणि पाटीवर चक्क यमक जुळवलंय, आपल्याकडे ट्रकच्या मागे असतं तसं. मतलब असा, की नागडी माणसं बघायची नसतील तर इथून पुढे येऊ नका. २०१० पासून ही वाट विवस्त्र चालणाऱ्यांसाठी म्हणून ओळखली जाते. कपडे घालून गेलात तरी कुणी अडवत नाही.

मी इथून तासा-सव्वातासावरच्या हाले शहरात नऊ वर्षं राहतोय. पहिल्यांदा त्या वाटेवर गेलो तो ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याबरोबर, पूर्ण कपड्यांत, वर जॅकेट. तासाभराने समोरून साठी ओलांडलेलं एक जोडपं आलं. डोक्यावर टोपी, पाठीवर सॅक, पायात जाड बूट आणि पोटरीपर्यंत नीट ओढलेले मोजे. बाकी काही नाही. मला धक्का बसला तो मोज्यांचा. बाईंनी ‘मॉर्गन’ (इथला सकाळचा ‘राम राम’) म्हटलं, मी ‘मॉर्गन’ म्हटलं. पुढे चिखल आहे का, असं त्यांनी विचारलं. उत्तर देताना मी हातातला नकाशा इतका बारकाईने वाचला, की तेवढा दहावीचा भूगोल वाचला असता तर बोर्डात आलो असतो.

ही गोष्ट मी घरच्या ग्रुपवर सांगितली आणि तिथे चूक झाली. २०२५ च्या जानेवारीत मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिराने दर्शनाला अंगभर कपड्यांचा नियम केला, त्यावरून आमच्याकडे मामा विरुद्ध भाची असा सामना रंगला होता. त्यात मी ही वाट टाकली. मामांचं उत्तर आलं, ‘तिकडं लाजच सोडलीय लोकांनी.’ पुण्याच्या भाचीने लिहिलं, ‘बघा, याला म्हणतात स्वातंत्र्य.’ दोघांनाही एक अंगठा पाठवून मी गप्प बसलो. पण तेव्हापासून मनात घोळतंय ते हे, की दोघंही ज्या ‘तिकडं’विषयी बोलत होते ते इथे कुठेच नाही.

इथे कायदा मोकळा आहे असं समजू नका. जर्मनीत नुसतं नागडं असणं गुन्हा नाही. पण लोकांना उपद्रव दिल्याबद्दल दंड करणारं एक कलम आहे, आणि उपद्रव म्हणजे काय हे जागेवर ठरतं. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये आपेन्झेल इनररोडेन नावाचा चिमुकला प्रांत आहे. तिथे दरवर्षी एप्रिलमध्ये लोक चौकात जमून हात वर करून कायदे करतात. २००९ मध्ये त्यांनी असेच हात वर करून नागडं डोंगर चढायला बंदी घातली, दंड दोनशे फ्रँक. (याच चौकात बायकांना हात वर करायची मुभा १९९१ मध्ये मिळाली, तीही वरच्या कोर्टाने कान धरल्यावर. संस्कृतिरक्षणाच्या बाबतीत आपण एकटे नाही.) पलीकडच्या आउसररोडेन प्रांतात शंभर फ्रँक दंड झालेला एक गडी थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०११ मध्ये हरला. लहान मुलांना घेऊन बसलेल्या एका कुटुंबासमोरून तो तसाच गेला होता.

ब्रिटनची गोष्ट याहून वाईट. स्टीफन गॉफ नावाचा माजी सैनिक २००३ मध्ये देशाच्या नैऋत्य टोकापासून ईशान्य टोकापर्यंत नागडा चालत निघाला. अनेकदा अटक होऊनही पोचला. पण पुढे कोर्टातही कपडे घालायला तो तयार होईना, म्हणून त्याची कित्येक वर्षं तुरुंगात गेली. २०१४ मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानेही त्याचं म्हणणं फेटाळलं. शांतपणे चालणाऱ्या माणसाला एवढी शिक्षा मला क्रूर वाटते. पण गॉफला हवं होतं ते हार्त्सच्या जोडप्याला नको आहे, हेही खरं. त्याला सगळ्यांनी बघून मान्य करायला हवं होतं. या दोघांना कुणी फारसं बघू नये एवढंच हवंय.

माझा तो सहकारी या मंडळींपैकी आहे, हे मला नंतर कळलं. पूर्व जर्मनीत वाढलेला, लहानपणापासून बाल्टिकच्या किनाऱ्यावर आईबापांबरोबर उघडा पोहलेला. तिथल्या कम्युनिस्ट सरकारने पन्नाशीच्या दशकात यावर बंदी आणून बघितली होती, पण लोक ऐकेनात तेव्हा १९५६ मध्ये नियम करून परवानगी दिली. हा गडी मात्र नियमाने चालतो. शाळांना सुटी असेल तेव्हा जायचं नाही. रविवारी नाही. गावाची हद्द दिसली की कमरेला वस्त्र. समोर मूल किंवा एकटी बाई दिसली तरी वस्त्र, आणि ते हाताशीच हवं, सॅकच्या तळाशी नाही. कॅमेरा काढायचा नाही. बाकावर किंवा ओंडक्यावर बसायचं तर बुडाखाली टॉवेल टाकल्याशिवाय बसायचं नाही. हा शेवटचा नियम अख्ख्या जर्मनीत देववाक्य आहे.

हे ऐकताना मला स्वातंत्र्यापेक्षा सोवळ्याची आठवण जास्त आली.

मागच्या सप्टेंबरात, एका मंगळवारी सकाळी, मीही गेलो. टॉवेलऐवजी पंचा नेला. पंचाला पर्याय नाही, हे जर्मनांना कुणीतरी सांगायला हवं. चाळीस मिनिटं टिकलो. मुक्ती वगैरे काही मिळाली नाही. सॅकचा पट्टा कमरेला काचला, आणि हात लावला की आग होणारं एक झुडूप इथे रस्त्याकडेला माजतं ते मांडीला लागलं. एक मात्र खरं, वारा पाठीला लागतो तेव्हा आपल्याला पाठ आहे हे कळतं. आणि पोट आत ओढून धरायची सवय पंधराव्या मिनिटाला आपोआप सुटते.

चाळीस मिनिटांनी कपडे चढवले ते लाजेने नव्हे. वाटेवर समोरून एकटा माणूस येताना दिसला आणि मनात आलं, सहकारी पुढे गेलाय, मी इथे एकटा, सावळा, दाढीवाला. या गोऱ्या आजोबांचं नागडेपण म्हणजे परंपरा. माझं नागडेपण म्हणजे पोलिसांना फोन. कदाचित त्याने ‘मॉर्गन’च म्हटलं असतं. पण मला ते आजमावून बघायचं नव्हतं. पाटी सगळ्यांसाठी एकच आहे, तिचा भरवसा मात्र सगळ्यांना सारखा नाही. घरी येऊन बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘चला, तुम्हालाही कळलं एकदा. आम्ही सलवार-कमीज घालूनसुद्धा असंच चालतो.’

आता मामांच्या लाजेकडे येतो. मी शिरोळ तालुक्यातला. आमच्याकडे नागडं चालणारा माणूस दिसणं ही बातमीच नव्हती. दिगंबर जैन मुनी विहाराला निघाले की सांगली-कोल्हापूर रस्त्याच्या कडेने चालताना दिसायचे, हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू. एसटी हळू व्हायची. आमचं घर जैन नाही, तरी आजी पदर सावरून उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहायची. कुणी मान फिरवायचं नाही आणि कुणी टक लावून बघायचं नाही. कसं बघावं याचं शिक्षण आम्हाला कुणी न देता मिळालेलं होतं. श्रवणबेळगोळला सत्तावन्न फुटी विवस्त्र बाहुबलीच्या पायाशी ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ असं कोरलंय, आणि मराठीच्या सगळ्यांत जुन्या शिलालेखांत ते वाक्य गणलं जातं. नरसोबाच्या वाडीला दत्तासमोर ज्या नावाचा गजर होतो त्याचा अर्थ दिशा पांघरलेला. नाशिक-त्र्यंबकेश्वरचं सिंहस्थ २०२७ मध्ये भरेल तेव्हा नागा साधूंच्या मिरवणुकीला पोलीसच वाट करून देतील.

तेच पोलीस २०२२ मध्ये रणवीर सिंगवर गुन्हा नोंदवतात, कारण त्याने एका मासिकासाठी विवस्त्र फोटो काढले. २०२० मध्ये गोव्याच्या किनाऱ्यावर मिलिंद सोमण वाढदिवसाला उघडा धावला, तिथेही गुन्हा. त्याच्याच १९९५ च्या बुटांच्या जाहिरातीचा खटला चौदा वर्षं चालून २००९ मध्ये निर्दोष सुटकेने संपला होता. यावर भाची म्हणते, ढोंगीपणा. मला तसं वाटत नाही. आपल्याकडे नागडेपणाला जागा आहे, पण ती सर्वस्व सोडलेल्यालाच मिळते. देहाची आसक्ती संपली असेल तर देह दाखव, असा तो करार. आणि तो पुरुषांपुरता. दिगंबर परंपरेतल्या आर्यिका माताजी, म्हणजे साध्वी, पांढरी साडी नेसतात. सर्वस्व न सोडता नुसती पाठीला हवा लागावी म्हणून उघड्या झालेल्या, पेन्शन खाणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला आपल्याकडे शब्दच नाही. तो नागडाच. जर्मनांनी त्याला एक वाट दिली आणि वाटेच्या तोंडाशी पाटी लावली.

अशी पाटी राजमाची किंवा हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर लावा, असं मी म्हणणार नाही. शनिवारी तिथे जेवढी गर्दी असते तेवढ्यात कपडे घातलेल्यालाच उभं राहायला जागा नसते. शिवाय पाटी वाचल्यावर जी मंडळी मागे फिरायला हवीत तीच मोबाइल काढून पुढे पळतील, आणि मग ती जागा त्या साठीच्या बाईंची राहणार नाही. इथेही तरुण मंडळी या वाटेवर कमी दिसतात. सहकाऱ्याला कारण विचारलं तर त्याने खिशातला फोन काढून दाखवला.

मामांना हे सगळं लिहून पाठवलं नाही. आईला मात्र व्हिडिओ कॉलवर सांगितलं, माझी चाळीस मिनिटं वगळून. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

‘आणि पायात?’ तिने विचारलं.

‘बूट असतात. मोजेपण.’

‘मग कसलं नागवं,’ आई म्हणाली. ‘महाराज मे महिन्यात डांबरावरनं अनवाणी चालतात.’