आधी हवा, मग टायर: फोर बाय फोर पिकअपच्या ‘अत्यावश्यक’ बदलांचा प्रतिवाद

पुण्यातील पिकअपधारकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर गेले काही महिने एक मजकूर फिरत आहे. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी पिकअप कारखान्यातून अर्धवटच निघते. तीन इंचांची लिफ्ट (सस्पेन्शनवर गाडी उंच करणे), मोठे मड-टेरेन म्हणजे चिखलासाठीचे खोल नक्षीचे टायर, स्नॉर्केल (इंजिनाला हवा देणारी उंच नळी), पुढे लोखंडी गार्ड व विंच (रुतलेली गाडी दोराने ओढणारे यंत्र) आणि टपावर एलईडी पट्टी एवढे बसवल्याशिवाय ती मातीत उतरवू नये. आणि हे सारे ‘स्वस्तात’, अडीच लाखांत होते, असे त्यात म्हटले आहे. नवी गाडी घेतलेली अनेक मंडळी हा मजकूर खरेदीची यादी म्हणून हाती धरतात. वेल्ह्याकडच्या शेतीसाठी मी बरीच वर्षे अशी गाडी वापरत आलो आहे आणि माझे मत असे की या यादीत खर्चाचा क्रमच उलटा लावलेला आहे: ज्याने गाडी जमिनीला धरून राहते त्याचा तिच्यात पत्ता नाही आणि जे लांबून नजरेत भरते ते सगळे आहे.

‘लिफ्ट केली की गाडीचे पोट कशालाच लागत नाही’ हा पहिला दावा. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपांना मागे अखंड अॅक्सल असतो आणि त्याच्या मधोमध डिफरन्शियलचे, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांचे, हौसिंग लोंबत असते. पाटे (लीफ स्प्रिंग) बदलून किंवा ठोकळे घालून चेसी कितीही वर उचलली, तरी हे हौसिंग जमिनीपासून जितके होते तितकेच राहते, कारण त्याची उंची फक्त टायरच्या व्यासावर ठरते. बैलगाडी-ट्रॅक्टरने खोल केलेल्या चाकोरीत मधल्या उंचवट्यावर घासते ते हेच हौसिंग. बांध ओलांडताना पुढचा-मागचा कोन सुधारतो, हा लिफ्टचा लाभ खरा आहे आणि तो मी नाकारत नाही. त्याची किंमत मात्र पुढच्या चाकांकडून वसूल होते. पुढील सस्पेन्शन स्वतंत्र असल्यामुळे अॅक्सलचे सांधे तिरक्या कोनात फिरू लागतात, त्यांवरचे रबरी बूट फाटतात, ग्रीस बाहेर पडते आणि एका पावसाळ्यात सांधा वाजू लागतो. शिवाय गुरुत्वमध्य वर सरकतो, तो ताम्हिणी किंवा वरंधा घाटाच्या वळणावर जाणवल्यावाचून राहत नाही. हौद्यात रोजच दोन-अडीचशे किलोंचा माल असेल आणि मागची बाजू बसलेली दिसत असेल, तर त्या वजनाला साजेसे पाटे आणि चांगले शॉकअॅब घालावेत. हौदा बहुधा रिकामाच असेल, तर पाट्यांना हात लावू नये.

दुसरा दावा टायरांचा आहे आणि अर्धा खरा असल्यामुळे तोच अधिक फसवा आहे. टायर बदलल्याने गाडी बदलते, यात शंका नाही. परंतु यादी म्हणते ‘बसेल तेवढा मोठा आणि मड-टेरेनच’. साधा हिशेब करून पाहावा. २४५/७० आर १६ या टायरचा व्यास सुमारे ७४९ मिलिमीटर भरतो आणि २६५/७५ आर १६ चा सुमारे ८०४. फरक ५५ मिलिमीटरचा असला तरी हौसिंग उचलले जाते त्याच्या निम्मे, म्हणजे जेमतेम २७ मिलिमीटर. त्या मोबदल्यात सगळे गिअर सात टक्क्यांहून अधिक ‘लांब’ होतात, चढावर इंजिन दमते आणि स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी ८६ च्या आसपास धावत असते. मड-टेरेनचे मोठे ठोकळे ओल्या डांबरावर कमी पकड देतात. वर्षातले बहुतेक किलोमीटर सिंहगड रस्ता, चांदणी चौक आणि महामार्ग यांवरच जात असतील, तर हा सौदा तोट्याचा आहे. मूळ मापातले किंवा त्याच्या अगदी जवळचे ऑल-टेरेन (रस्ता व माती दोन्हींसाठीचे) टायर, तेही आधीचे झिजल्यावर घेतलेले, हा मला पटणारा खर्च आहे.

त्यातही आपल्या मातीचा विचार यादीत कुठेच नाही. कोकणात उतरल्यावर लागणारी जांभ्याची तांबडी माती खडेदार असते, टायरची नक्षी तिला धरते. शिरूर-दौंडकडची काळी माती ओली झाली की नक्षीच्या खाचा भरून टाकते आणि चार फेऱ्यांत कोणताही टायर गुळगुळीत गोटा होतो. तिथे नक्षीपेक्षा टायर जमिनीवर किती लांब पसरतो हे महत्त्वाचे ठरते, आणि ते ठरते हवेवर.

मागील आषाढात आमच्या खाचरांच्या कडेने रोपे नेताना दोन पिकअप एकापाठोपाठ होत्या. पुढची लिफ्ट केलेली, नव्या कोऱ्या मड-टेरेन टायरांची, हवा रस्त्यावरचीच ३४ पीएसआय. वीस पावलांत ती हौसिंगवर टेकली आणि मागची चाके जागच्या जागी फिरून स्वतःसाठी खड्डा खणू लागली. टायरच्या खाचांत गिलाव्यासारखा घट्ट रेंदा भरला होता, तो आम्ही विळ्याच्या टोकाने खरवडून काढला. मागची माझी गाडी, साध्या टायरांची. मी व्हॉल्व्हवर मापक लावून चारही चाकांची हवा २० पर्यंत उतरवली, टायरची बाजू फुगून खाली पसरलेली स्पष्ट दिसू लागली, आणि फोर-लोमध्ये (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणाऱ्या स्थितीत) दुसऱ्या गिअरवर, अॅक्सिलरेटर न दाबता, कडेच्या गवतावरून गाडी पलीकडे गेली. मग तिनेच पहिलीला ओढले.

म्हणून माझ्या यादीत पहिला खर्च येतो तो विश्वासू हवामापक आणि १२ व्होल्टचा दोन सिलिंडरांचा कंप्रेसर यांचा. काही हजारांत दोन्ही येतात. कंप्रेसर चिमट्यांनी थेट बॅटरीला जोडता येणारा घ्यावा, कारण सिगारेट-लायटरच्या जोडणीचा फ्यूज एवढा भार बहुधा सोसत नाही. हवा १५ पीएसआयच्या खाली उतरवू नये, नाहीतर वळताना टायर रिमवरून निघू शकतो. आणि डांबरावर वेग घेण्यापूर्वी हवा पूर्ववत भरलीच पाहिजे, कारण कमी हवेचा टायर वेगात तापून फाटतो.

‘स्नॉर्केल बसवले की गाडी पाण्यात चालते’ हा दावा मला सर्वांत धोकादायक वाटतो. स्नॉर्केल इंजिनाच्या श्वासाचे तोंड वर नेते, एवढेच. विजेच्या जोडण्या, अल्टरनेटर, दारांची रबरे यांना त्याने कसलेही संरक्षण मिळत नाही, आणि पाण्याचा जोर तर ते कमी करूच शकत नाही. फूटभर वाहते पाणी लहान मोटार उचलते आणि दोन फूट पाणी बहुतेक वाहने वाहून नेते. खडकवासला धरणातून विसर्ग सुरू झाल्यावर पुण्यातला मुठेवरचा सखल भिडे पूल बंद करतात तो उगाच नव्हे. ज्याला ओढे ओलांडावेच लागतात, त्याने डिफरन्शियलच्या ब्रीदरची (हौसिंगमधली हवा आत-बाहेर जाण्याच्या तोंडाची) नळी उंच करून घ्यावी. तापलेले हौसिंग गार पाण्यात शिरताच आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. ऑइल दुधाळ दिसू लागेपर्यंत बेअरिंगांचे नुकसान होऊन गेलेले असते. नळीचा एक तुकडा आणि दोन क्लिपा एवढ्यात हे काम भागते, आणि यादीत याचा उल्लेखही नाही.

लोखंडी गार्डाविषयी वाद घालण्याचे कारणच उरलेले नाही. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग ठरतात, असे कळवले आहे. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याचे सोडले तरी, गार्डामुळे धडकेचा आघात चेसीवर वेगळ्या रीतीने पोचतो, एअरबॅग चुकीच्या क्षणी उघडण्याची भीती राहते, आणि समोर माणूस असेल तर बंपरऐवजी लोखंडी नळी त्याच्यावर आदळते. एलईडी पट्टीचेही तसेच: ताम्हिणीच्या धुक्यात तिचा पांढरा प्रकाश परत आपल्याच डोळ्यांवर येतो. हौदा भरल्यावर गाडीचे नाक वर होते, तेव्हा हेडलाइटचा झोत खाली घेण्याची कळ फिरवावी. त्याला पैसे पडत नाहीत.

राहिली विंच. वायरदोर व बैठकीसह ती पन्नास किलोंच्या घरात जाते, ते वजन कायम गाडीच्या नाकावर बसते, आणि एकट्याने फिरणाऱ्याला ती खरोखर लागते हे मान्य आहे. आपल्यापैकी बहुतेकजण दोन गाड्यांनी जातात; त्यांना ताणला जाणारा कायनेटिक दोर, वजनक्षमता कोरलेल्या दोन शॅकल (दोर अडकवण्याच्या लोखंडी कड्या) आणि चेसीला पक्क्या बसवलेल्या ओढजागा पुरतात. कारखान्यातून येणारा पुढचा लहान हूक पुष्कळदा गाडी वाहून नेताना बांधण्यापुरताच असतो. रुतलेल्या गाडीचा झटका त्याला दिला तर तो तुटून गोळीसारखा सुटतो. ट्रेलर ओढण्याच्या गोळ्यालाही कधी दोर अडकवू नये. दोर ताणलेला असताना माणसे त्याच्या रेषेतून दूर उभी करावीत, त्यावर जाड गोणपाट टाकावे.

यादीतली शेवटची ओळ ‘पिकअप आहे, वजनाची काळजी नको’ अशी आहे. गार्ड, विंच, स्नॉर्केल, मोठी चाके आणि हौद्यावरची लोखंडी चौकट मिळून दीड-दोनशे किलो सहज होतात, आणि ते सगळे गाडीच्या वहनक्षमतेतूनच वजा होतात. काहीही विकत घेण्याआधी टाकी भरून, नेहमीचे सामान ठेवून आणि नेहमीची माणसे बसवून गाडी एकदा वजनकाट्यावर न्यावी आणि आलेला आकडा आरसी बुकातल्या एकूण वजनातून वजा करावा. माझ्या गाडीच्या बाबतीत उरलेला आकडा खताच्या पाच गोणींपेक्षा कमी निघाला, आणि त्या गोणी मला दर पावसाळ्यात न्याव्याच लागतात.